दोष फक्त नाटोचा?

नाटोने डिवचलं म्हणून रशियाने युद्ध केलं, असं आपल्यातले बरेच तरुण म्हणतात. लिबिया पाहिलेल्यांचा नाटोवर विश्वास नाही, हे मला समजतं. 2008 मध्ये बुखारेस्टला नाटोने युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाचा शब्द दिला, संरक्षण मात्र दिलं नाही. हा बेजबाबदारपणाच. पण 1994 मध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, तेव्हा त्याच्या सीमा मानण्याची लेखी हमी रशियानेही दिली होती. 2014 मध्ये क्रिमिया घेताना ती कुठे गेली? तिथल्या तातार मुसलमानांना 1944 मध्ये स्टालिनने हद्दपार केलं होतं. 2016 मध्ये रशियाने त्यांच्या मेजलिसवरच बंदी घातली. शेजाऱ्याने दोस्ती कोणाशी करावी, हे ठरवण्याचा हक्क मी मॉस्कोला देणार नाही, वॉशिंग्टनलाही नाही. आणि 2023 मध्ये फिनलंड नाटोत गेला, तो कोणाच्या भीतीने?