खोट्या नावापेक्षा बिननावाचं झाड बरं

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. तेही आपल्याच माणसांशी, म्हणजे क्रोटनवेड्यांशी. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्यातलं कुणीतरी एका पानाचा फोटो दाखवतं आणि विचारतं, "ह्याचं नाव काय हो?" पाच मिनिटांत सात जण सात नावं सांगून मोकळे होतात. त्यातलं ऐकायला सगळ्यात भारदस्त असेल ते नाव कुंडीवर चिकटतं. पुढच्या पावसाळ्यात त्या झाडाची गुटी तिसऱ्याच्या घरी जाते, ती नावासकट. पुढे कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं, "अहो, सगळे हेच म्हणतात!" माझं म्हणणं असं, की ही ओळख नव्हे, हे बारसं आहे. आणि दुसऱ्याच्या मुलाचं बारसं परस्पर उरकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

क्रोटनच्या बाबतीत हे जास्तच चुकीचं आहे, कारण ह्या झाडाचं रूप फसवं असतं. कोवळं पान हिरवं-पिवळं असतं आणि जून झालं की तेच लाल-तांबूस होतं. एकाच झाडाच्या दोन फांद्या कापून एक उन्हात आणि एक जिन्याखालच्या सावलीत लावा. वर्षभरात उन्हातली रंगांनी पेटलेली दिसेल आणि सावलीतली हिरवट पडलेली. काही प्रकारांत तर एकाच झाडावर साधी पानंही असतात आणि मधेच पातं तुटून नुसती शीर उरलेली, टोकाला पुन्हा छोटं पान लोंबणारीही असतात. आता सांगा, एका फोटोतल्या एका पानावरून तुम्ही नेमकं काय ओळखता?

मुळात वाणाचं नाव हे रूपाचं नाव नसतंच. ते वंशाचं नाव आहे. क्रोटनचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही, दर रोप वेगळं निघतं. म्हणून तर आपण फाटा लावतो, गुटी बांधतो. म्हणजे 'पेट्रा' नावाची जगात जेवढी खरी झाडं आहेत ती सगळी एकाच झाडाचे तुकडे आहेत, हातोहात पुढे गेलेले. पेट्रासारखं दिसणारं ते पेट्रा नव्हे. पेट्रापासून आलेलं ते पेट्रा. वर्गातला एखादा मुलगा मुख्याध्यापकांसारखा दिसला म्हणून त्याचं आडनाव आपण हजेरीपटात बदलतो का?

माझा भाचा म्हणतो, "आत्या, कशाला एवढी डोकेफोड? फोन पानासमोर धर, दोन सेकंदांत नाव येतं." धरून पाहिला. नाव आलं, कोडियम व्हेरिगेटम. बरोबरच आहे, पण ते बागेतल्या सगळ्याच क्रोटनांचं नाव आहे. कुणाला "तुमचं नाव काय?" विचारावं आणि त्याने "मनुष्य" म्हणून सांगावं, तसलं हे उत्तर. त्याच्यापुढे जाऊन फोन वाणाचं नाव सांगू लागला, तर तोही आपल्यासारखाच रूपावरून अंदाज ठोकणार.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. "क्रोटन हे नावच मुळी चुकीचं! खरं क्रोटन कुळ वेगळं, जमालगोटा त्यातला. मग कशाला शुद्धतेच्या गप्पा?" खरं आहे. १७५३ साली लिनिअसने हे झाड क्रोटनमध्ये घातलं, पुढे शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं, पण माळ्यांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. तरीही दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. 'क्रोटन' म्हटल्याने कुणाची फसवणूक होत नाही. मी क्रोटन म्हटलं की माझ्या हातात जुलाबाचं बी कुणी ठेवत नाही. वाणाचं नाव म्हणजे मात्र दावा असतो. माझ्या कुंडीतलं झाड आणि कलकत्त्याच्या एखाद्या जुन्या बागेतलं झाड एकच आहे, असा तो दावा. तो खोटा असेल तर ते खोटं बोलणंच झालं.

तिसरा आक्षेप नेहमीचा. "आपली हौस आहे हो, परीक्षा थोडीच आहे!" ह्या हौसेचे पैसे कोण मोजतं ते पाहा. एका रोपवाटिकेत मी एकच वाण तीन पाट्यांखाली, तीन किमतींना पाहिला आहे. सगळ्यात महाग पाटीवर 'दुर्मिळ' असा शब्दही होता. विक्रेत्याला दोष देणं सोपं आहे, पण अशी नावं बाजारात जातात कुठून? आपल्याच फोटोंखालच्या उत्तरांतून. नव्याने नाद लागलेली एखादी सून घरखर्चातून पैसे वाचवून ते रोप आणते आणि घरी आल्यावर तिला कळतं, की हेच झाड शेजारच्या कुंपणाला आहे. ही हौस तिला केवढ्याला पडली?

नुकसान पैशांपुरतंही नाही. १८६०च्या दशकात व्हीच ह्या इंग्लिश रोपवाटिकेच्या माणसाने पॅसिफिक बेटांवरून रंगीत क्रोटन आणले आणि मग त्यांची लाटच आली. तेव्हापासून आजपर्यंत हा वाण अमक्या बागेतून तमक्याकडे गेला, हे सांगणारा धागा म्हणजे ते नाव. आपल्याकडे जुने बंगले पडतात, तिथे इमारती उभ्या राहतात आणि तिथला म्हातारा माळी गावी निघून जातो. त्याच्याबरोबर "हे झाड साहेबांनी कुठून आणलं" ही माहितीही जाते. जे थोडं उरलं आहे त्यावर आपण मनची नावं सारवली, तर पुढच्यांना शोधायला जागाच राहणार नाही. कोऱ्या पाटीवर निदान उद्या कुणी खरं नाव लिहू शकेल. भरलेल्या पाटीकडे कोण बघतो?

मग करायचं काय? सोपं आहे. नाव ठाऊक नसेल तर पाटीवर तीन गोष्टी लिहा: कुणाकडून आलं, कोणत्या गावाहून, कोणत्या साली. "वहिनींकडून, चिपळूण, २०१९" ही पाटी कुठल्याही राणीच्या नावापेक्षा मोलाची आहे, कारण ती खरी आहे. फोटो टाकायचा तर कोवळं पान, जून पान आणि अख्खं झाड असे तिन्ही टाका. झाड उन्हात आहे की सावलीत, तेही सांगा. आणि उत्तर देणाऱ्याने "आहे" आणि "सारखं दिसतं" ह्या दोन क्रियापदांतला फरक पाळावा. एवढं मराठी आपल्या सगळ्यांना येतं.

हाक मारायला नाव हवंच असेल तर आपलं, घरगुती नाव ठेवा. माळी लोक 'ठिपक्यांचा', 'पिळाचा' म्हणतात, त्यात काहीही कमीपणा नाही. सतराव्या शतकात आंबोइना बेटावर राहणाऱ्या रुम्फियसने तिकडच्या लोकांच्या तोंडचं नाव घेतलं, आणि 'कोडियम' हे आजचं शास्त्रीय नाव त्यावरूनच आलं. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने लोकांच्या मदतीने ग्रंथ पुरा केला. डोळे नसलेल्या माणसाने विचारून लिहिलं आणि आपण डोळे असून न विचारता लिहितो.

पटत नसेल तर खाली जरूर भांडा. फक्त माझ्या कुंडीतल्या त्या लाल शिरांच्या झाडाचं नाव मला सांगू नका. ते कुणाकडून आलं हे मला ठाऊक आहे, तूर्त तेवढं पुरे.