कच्चं घर

आमच्या वाडीच्या वरच्या टेपावर एक घर उभं राहिलंय. दारात पाटी : ‘निसर्गाच्या कुशीतलं पर्यावरणपूरक घर’. एका रात्रीचे नऊ हजार. कारवीचे कूड, शेणमातीचं लिंपण, सारवलेली ओटी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं. अहो, हे तर आमचंच घर!

वेल्ह्याच्या डोंगरात माझा जन्म असल्याच घरात झाला. दिवाळी सरली की बाप नि चुलता रानातून कारवी आणायचे, कूड बांधायचे, आई लिंपायची. ऐनाच्या मेढी, वर गवताची शाकारणी. शहरातल्या वाचकांना सांगतो, त्यात कविता काही नव्हती. आषाढात गळायचं, कुडात इंचू निघायचे. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘कच्चं घर’. २०१८ साली घरकुल मिळालं, १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्यानं. जोतं झालं की फोटो, छत झालं की फोटो. कूड पाडला त्याचं मला दुःख नाही. दरसाल शाकारायला आता माणसं कुठायत? खटकतं ते एवढंच की त्या कुडात आई राहिली तर मागासलेपण, आणि पाहुणा शनिवार-रविवार राहिला तर पर्यावरण.

तिथल्या भिंती लिंपायला आईच गेली होती, रोजावर. मुकादम म्हणाला, “मावशी, बोटं उठू द्या, पाहुण्यांना आवडतं.” जन्मभर बोटं उठू नयेत म्हणून हात फिरवणारी बाई ती. घरी येऊन विचारते, “ह्यांनाबी घरकुल मिळंल का रं? घर कच्चंच हाय की.”

इथवर चेष्टेवारी नेलं असतं. पण त्या घरामागं पोहायचा तलाव आहे आणि तलावासाठी बोअर. आमचा झरा त्याच टेपाच्या पायथ्याला. हा डोंगर थरांचा. वरच्या भेगाळ थरात पावसाचं पाणी मुरतं, खालच्या घट्ट कातळावर अडतं आणि कडेनं झऱ्यातून बाहेर येतं. त्याच पाण्याला वरून भोक पाडून उपसलं तर झऱ्याला काय उरणार? पूर्वी अक्षय तृतीयेलाही हंडा भरायचा. गेली दोन वर्षं शिमग्यालाच कळशी खरवडावी लागते. पाऊस काही कमी झालेला नाही, पावसाळ्यात आमची खाचरं तुडुंब असतात.

मालक भला माणूस. त्यानं मला सौर दिवे दाखवले, बांबूचे दातब्रश दाखवले. बोअरचं काढलं तर म्हणाला, “बोअरमुळंच आटला हे सिद्ध करा.” म्हटलं, दोन महिने मोटर बंद ठेवा, आपसूक कळेल. तर म्हणे, मे महिन्याचं बुकिंग झालंय.

डोंगरात येणाऱ्यांनो, जरूर या. भाकरी खा, काजवे बघा. पण खोली ठरवताना वायफाय आहे का विचारता, तसं हेही विचारा : तलावाचं पाणी कुठनं येतं, आणि मे महिन्यात खालची वाडी कुठलं पिते?

१ मेच्या ग्रामसभेत मी ठराव पुन्हा मांडणार आहे : झरा थांबला की त्या दिवसापासून बोअरही थांबली पाहिजे. गुदस्ता मांडला तेव्हा दोघं जण उठून गेले. एकाचा पोरगा वर वॉचमन आहे, दुसऱ्याची सून स्वयंपाकाला जाते. मी त्यांना काही बोललो नाही. त्यांच्या घरीसुद्धा त्या दिवशी टँकरचंच पाणी होतं.