विजेची गाडी : स्वस्त कुणाला?

परवा रात्री जेवताना आमच्या घरी वाद झाला. पेट्रोलची गाडी जुनी झाली आहे. ती काढून विजेची घ्यावी, असा धाकट्या भावाचा हट्ट. "पेट्रोल लागत नाही, म्हणजे फुकटच की!" हा त्याचा मुद्दा. बाबांचा उद्यमबागेत लहानसा कारखाना आहे. लेथवर इंजिनाच्या भागांचे टर्निंग चालते. ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ही हकिकत कन्नड विभागातल्या मित्राला सांगितली. तो म्हणाला, "मोदलु लेक्क माडु." आधी हिशेब कर! तो केला, आणि वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे 2021 साली पेट्रोलने शंभरी ओलांडली. सोयीसाठी लिटरला शंभरच रुपये धरू. गाडी लिटरला 16 किलोमीटर गेली, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये पडतात. हायब्रीड गाडी 22 किलोमीटर गेली, तर साडेचार. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी खोळंबावे लागते, तेव्हा तिचे इंजिन बंद राहते. गावात तिचा फायदा तो हाच. विजेची गाडी एका युनिटला सहा किलोमीटर जाते असे मानू. घरची वीज सात रुपये धरली, तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आतच. मात्र हमरस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रात युनिटला अठरा रुपये मोजले, तर तोच खर्च तीन रुपयांवर जातो.

येथवर भाऊ जिंकला. पण दिसते तसे नसते. विजेची गाडी घेताना तीन लाख जास्त मोजावे लागले, असे समजा. आमची गाडी महिन्याला जेमतेम 400 किलोमीटर फिरते. म्हणजे वर्षाची बचत चोवीस हजारांच्या आसपास. तीन लाख फिटायला बारा वर्षे! बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. शिवाय कर्जाचे व्याज वेगळेच. उलट चोर्ला घाटाने गोव्याला भाडी मारणारा टॅक्सीवाला महिन्याला 2000 किलोमीटर चालवतो आणि रात्री घरीच चार्जिंग करतो. त्याचे तीन लाख अडीच वर्षांत वसूल होतील. घाट उतरताना थोडी वीज बॅटरीत परत येते, ती वेगळीच. तेव्हा ही गाडी खूप फिरणाऱ्याला स्वस्त. दारात उभी ठेवणाऱ्याला महाग.

आता बाबांच्या मौनाविषयी. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नको, स्पार्क प्लग नको, पिस्टन नको, क्रँकशाफ्ट नको. मालकाची जी बचत, तेच उद्यमबागेतल्या कित्येक फाउंड्र्यांचे आणि लेथचे काम. आमचे घर त्याच कामावर चालते. पण म्हणून नव्या गाडीला नावे ठेवणे मला पटत नाही. विजेच्या मोटरलाही शाफ्ट लागतो, गिअर लागतात. ब्रेक आणि सस्पेन्शन तर कोणत्याच गाडीला सुटलेले नाहीत. हायब्रीडला तर इंजिनही लागते. त्यामुळे तयारीला थोडा अवधी आहे. तो दवडू नये, एवढेच.

आमच्या घरी तूर्त जुनीच गाडी राहणार, असे ठरले. मात्र बाबांनी विचारले, "मोटरच्या शाफ्टचे ड्रॉइंग तुला वाचता येते का रे?" मला येत नव्हते. मित्रहो, गाडी कुणी कोणती घ्यावी, हे ज्याच्या त्याच्या खिशाने ठरवावे; पण ते ड्रॉइंग वाचायला आपण याच वर्षी शिकले पाहिजे.