कॅडबरी : एका आडनावाची पत

कॅडबरी हे विरळ इंग्रजी आडनाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील गावनावावरून आले. क्वेकरपंथीय जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅम येथे चहा-कॉफीचे दुकान मांडले. १८६१ मध्ये पुत्र रिचर्ड व जॉर्ज यांच्या हाती पेढी आली, ती डबघाईस आलेली. आईच्या वारशाचे प्रत्येकी ४,००० पौंड त्यांनी तीत घातले. कोकोत पीठ मिसळण्याची तेव्हा सर्रास रीत होती. त्यांचा मालही त्यास अपवाद नव्हता. १८६६ साली मात्र डच यंत्राने स्निग्धांश काढून त्यांनी निर्भेळ कोको विक्रीस आणला आणि पेढी सावरली. २०१० मध्ये कंपनी अमेरिकी क्राफ्टकडे गेली. वेष्टनावर मात्र आजही तेच आडनाव आहे. त्याची पत त्या ८,००० पौंडांच्या जोखमीतून आणि निर्भेळ मालातून उभी राहिली.