तळपद्यांचे विमान आणि आपली नातवंडे

शिवकर बापूजी तळपदे हे नाव भोपाळच्या मराठी मंडळींना नवे नाही. गणेशोत्सवातील व्याख्यान असो की दिवाळीच्या फराळाला जमलेली बैठक असो, विमानाचा विषय निघाला की कोणीतरी सांगतोच : राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने मानवरहित विमान उडविले, ते दीड हजार फूट उंच गेले, सयाजीराव महाराज आणि न्यायमूर्ती रानडे तेथे हजर होते, ‘केसरी’ने बातमी छापली. माना डोलतात, चहा येतो. त्या अंकाची तारीख कोणी विचारीत नाही आणि कोणी विचारलीच तर ती पुढे येत नाही.

माझे भांडण तळपद्यांशी नाही. आपल्याशी आहे. ही कथा रंगवून सांगणाऱ्या घरातला नातू जेव्हा थर्मोकोल, चार तारा आणि एक छोटी मोटर घेऊन रेडिओनियंत्रित विमान जुळवू लागतो, तेव्हा पहिला विरोध त्याच घरातून होतो. “खेळण्यांचे वय गेले आता”, “दहावी आहे”, “पैसे हवेत उडवायचे का?” असे संवाद आपण सर्वांनी ऐकले आहेत. शंभरावर वर्षांपूर्वी न पाहिलेल्या मानवरहित विमानाचा अभिमान आहे. अंगणात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या मानवरहित विमानाची मात्र अडगळ होते. या विसंगतीचे आपल्याला काहीच वाटू नये?

त्याच काळात इतरत्र काय चालले होते ते पाहावे. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ साली रबराच्या पिळावर चालणारे हातभर लांबीचे विमान पॅरिसच्या बागेत जाणकारांसमोर उडविले. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटर गेले. या आकड्यांत मिरविण्यासारखे काही नाही. म्हणूनच त्यांवर विश्वास बसतो. पेनोच्याच धर्तीचे एक उडते खेळणे १८७८ साली एका पाद्री बापाने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑरव्हिल राइट. पुढे ६ मे १८९६ रोजी, म्हणजे चौपाटीच्या कथेनंतर वर्षभराच्या आतबाहेर, अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर अर्ध्या मैलाहून अधिक उडाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते. त्यांनी छायाचित्र काढले, ते आजही पाहावयास मिळते. लँग्लींना पुढे माणूस बसविलेले विमान साधले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदलेले आहे.

आपल्याकडे त्याउलट काय घडले? ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा हवाला नेहमी दिला जातो ते सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितले आणि दुसऱ्याने उतरून घेतले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली ते बारकाईने तपासले. हा ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याला आता अर्धशतक उलटले. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये तीच विमाने पुन्हा व्यासपीठावर आली.

आपल्या शहराचा तर या विषयावर विशेष हक्क. राजा भोजाच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांचा अध्याय आहे. हलक्या लाकडाचा पक्षी, पोटात पारा, खाली अग्नी असे वर्णन त्यात येते. मात्र यंत्रांची घडण सविस्तर दिलेली नाही, आणि ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी दिलेली नाही, असा खुलासा ग्रंथकार स्वतःच करतो. अकराव्या शतकातील राजाला हा खुलासा शोभत असेल. एकविसाव्या शतकातील आपल्याला तो शोभत नाही. ज्याची घडण सांगता येत नाही, दुसऱ्याला करून पाहता येत नाही, त्याला विद्या म्हणण्याची घाई आपण का करावी?

एका संस्थेच्या सभागृहात प्राचीन विमानांवर भाषण चालू असता आठवी-नववीतल्या एका मुलाने उठून विचारले होते, “काका, त्याचा तोल कुठे होता?” श्रोते हसले, अध्यक्षांनी वेळेचे कारण सांगितले आणि मुलगा खाली बसला. सभेतला तो एकमेव वैमानिकी प्रश्न होता.

कारण छोटे विमान उडवू पाहणाऱ्याला पहिला धडा तोलाचाच मिळतो. पंखाखाली दोन बोटे लावून विमान उचलायचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर ते समतोल राहिले पाहिजे. शेपूट जड झाले तर विमान नाक वर करून डगमगते आणि कोसळते; बॅटरी दोन बोटे पुढे सरकविली की तेच विमान शहाण्यासारखे जाते. हे कळायला ना संस्कृत लागते ना इंग्रजी.

नवशिक्याने कोणते विमान घ्यावे, याविषयी जाणत्यांत फारसा मतभेद नाही. पंख धडाच्या वर असावेत, टोकांकडे किंचित उचललेले असावेत, म्हणजे कललेले विमान आपोआप सरळ होऊ पाहते. अंग फोमचे असावे, म्हणजे पडले तर गोंदाने जोडता येते. आणि वेग कमी असावा. लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती मुलाला हवी असते आणि हौशी मामा ती आणूनही देतो. ती पहिल्याच दिवशी जमिनीत रुतते आणि “सांगितले होते ना” म्हणायला घर मोकळे होते. वस्तुतः आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर काही आठवडे हात बसवावा. मग गुरूजवळ जावे. येथे गुरू हा शब्द अलंकारिक नाही. दोन ट्रान्समीटर एकमेकांस जोडता येतात; शिष्य उडवितो, गुरूचे बोट कळीवर असते, आणि विमान हाताबाहेर जाऊ लागले की क्षणात ताबा गुरूकडे येतो. विमान सावरले की तो परत शिष्याकडे जातो. शिकविण्याची इतकी सोज्ज्वळ रीत मी दुसऱ्या कोणत्याही छंदात पाहिलेली नाही.

खरी कसोटी त्यापुढे. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर उजवे ते उजवे. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचे उजवे आपले डावे होते, आणि सवयीचा हात नेमका चुकीकडे जातो. जो पंख खाली गेला त्याच्याच बाजूला काडी सरकवावी, ही युक्ती तोंडपाठ करून भागत नाही. ती बोटांत मुरावी लागते. तसेच उंची कमी झाली की नवशिका घाबरून नाक वर ओढतो, वेग मरतो, पंखांची उचल संपते आणि विमान दगडासारखे पडते. अशा वेळी नाक खाली करून वेग घ्यायचा असतो. भीतीच्या क्षणी भीतीला पटेल त्याच्या उलट करणे, हे कोणत्या शिकवणी वर्गात शिकवितात?

उड्डाणापूर्वीचा क्रमही पाळावा लागतो : आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानातील बॅटरी, उतरल्यावर नेमके उलट. आचमनाचा क्रम न चुकविणाऱ्या घरांतील मुलांना हा जड जाऊ नये.

“मग ड्रोन घेऊन देतो”, असे काही पालक उदारपणे म्हणतात. ड्रोनचा शेतीला, मोजणीला उपयोग आहेच. पण उपग्रहाच्या संकेतावर तरंगणारा चार पात्यांचा ड्रोन हात सोडला तरी जागच्या जागी उभा राहतो. त्यातून मूल कॅमेरा शिकते, वारा शिकत नाही. पंखाच्या विमानाला थांबता येत नाही, म्हणून चालविणाऱ्यालाही विचार थांबविता येत नाही.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. फिरते पाते बोट कापते. लिथियमची बॅटरी चुकीच्या पद्धतीने चार्ज केली तर पेट घेते, ती राखणीवाचून चार्जिंगला लावू नये. कायदाही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून उड्डाणाला मनाई केली आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक दोनशे फुटांपर्यंतच ठेवली. म्हणजे भोपाळचे जुने शहर आणि मोठा तलाव सोडावाच लागतो. ज्या विमानतळामुळे तो सोडावा लागतो त्याला नाव राजा भोजाचे, हा योगायोग मजेचा खरा. तेव्हा आधी नकाशा पाहावा, शहराबाहेर गहू कापून मोकळे झालेले एखादे शेत मालकाला विचारून घ्यावे आणि पहाटे, जमीन तापून वारा खवळण्यापूर्वी, तेथे जावे.

आता आपल्या घरांविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले आणि नागपूरच्या दप्तरांबरोबर आपली कित्येक कुटुंबे येथे आली. नंतर भेलच्या कारखान्याने आणखी आणली. जलटर्बाइनच्या पात्याचा बाक ज्यांनी आयुष्यभर तपासला, त्यांना विमानाच्या पंखाचा बाक समजावून सांगावा लागत नाही. असे हात आज निवृत्त होऊन वर्तमानपत्र धरून बसले आहेत. छात्रसेनेच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकविले जाते. तेथे मुलाला पाठविताना आपण मात्र किती गुण वाढतील एवढेच विचारतो.

तळपद्यांची कथा अक्षरशः खरी धरली, तरी तिच्यात ग्रंथ वाचून थांबलेला माणूस नाही. सामान जमवून, जुळवून, चारचौघांसमोर फजितीचा धोका पत्करून वाळूवर उभा राहिलेला माणूस आहे. त्याचे स्मारक म्हणून आपण दरवर्षी एक व्याख्यान ठेवतो. यंदा त्या व्याख्यानाचा हार, श्रीफळ, मानधन आणि प्रवासखर्च वाचवून एक शिकाऊ विमान, जोडता येतील असे दोन ट्रान्समीटर आणि दोन जादा बॅटऱ्या घ्याव्यात, असा प्रस्ताव मी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे लेखी ठेवीत आहे. गुरूच्या ट्रान्समीटरसाठी भेलमधून निवृत्त झालेले दोघे तयार आहेत. शिष्यांची नावे पालकांनी द्यावयाची आहेत.