कलेचे गुण आणि कलेचा शिक्षक

शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटची ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास शालान्त परीक्षेत ७ गुण वाढवून मिळतात. ‘ब’ श्रेणीस ५, ‘क’ श्रेणीस ३. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर शासनाने कलेला किंमत लावली. त्यात वावगे काही नाही. त्या निमित्ताने पालक रंगपेटी तरी आणतात. प्रश्न आहे तो पुरवठ्याचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक सांगितला तो अंशकालीन, आणि तोही पट शंभराहून अधिक असेल तरच. म्हणजे गुण सर्वांना खुले, शिक्षक मात्र मोठ्या शाळेलाच! मग लहान गावातील मुलीने स्मरणचित्र आणि अक्षरलेखन शिकावे कोणाकडून? शहरात त्यासाठी खासगी वर्ग आहेत. ज्याला शुल्क परवडते, त्याच्या पदरात हे गुण सहज पडतात. अकरावीला एकेका गुणाने महाविद्यालय हुकलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. संगीताची तर बातच नको. पेटी-तबला कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात! शासनाने गुणांची खैरात थोडी आवरती घेतली तरी चालेल; पण शेजारच्या तीन-चार लहान शाळांना मिळून पूर्ण वेतनाचा एक कलाशिक्षक आधी नेमावा.