कोयनेलाच्या नावाने!

भाऊबिजेला वढू बुद्रुकच्या घरी सारी मंडळी जमली की वाद हा व्हायचाच. या खेपेस तो टॉनिक वॉटरवरून झाला. पुतण्याने पुण्याहून पेटीभर बाटल्या आणल्या होत्या. "आत्या, रात्री तुझ्या पायांत गोळे येतात ना? हे पी, यात कोयनेल असतं. आणि काका, जिनमध्ये घातलं तर हिवताप जवळ फिरकत नाही!"

वा! व्यसनाला औषधाची टोपी! ही युक्ती जुनीच आहे. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. त्यातली मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि 'टॉनिक' या शब्दामागे लपायला तळीरामांना आयती जागा मिळाली.

आता जरा हिशेब करू. हिवतापावर मोठ्या माणसाला कोयनेल देतात ते दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या नियमाने टॉनिकमध्ये ते लिटरमागे फार तर ८३ मिलिग्रॅम असावे. म्हणजे रोज एकवीस-बावीस लिटर टॉनिक प्या! हिवताप राहील बाजूला, माणूसच आटोपेल. आणि पायांच्या गोळ्यांवर कोयनेल घेऊ नका, रक्ताला गंभीर अपाय होतो, असे त्याच देशाच्या औषध खात्याने २०१० साली बजावले आहे. ज्यांचे हृदय नाजूक आहे त्यांनी आणि गर्भवतींनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून बाटलीला हातही लावू नये.

मग टॉनिक घेऊच नये काय? खुशाल घ्यावे, पण पेय म्हणून घ्यावे आणि पेयासारखे पारखावे. जिनच्या पेल्यात एक भाग जिन तर दोन-तीन भाग टॉनिक असते. तरी लोक जिनवर पैसा उधळतात आणि टॉनिक हाती लागेल ते उचलतात! बाटलीवरचा साखरेचा आकडा वाचावा. शंभर मिलिलिटरमागे आठ-नऊ ग्रॅम असेल तर ते सरबतच. बाटली लहान घ्यावी, थंडगार करावी आणि ऐनवेळी उघडावी. उरलेले टॉनिक म्हणजे मेलेला सोडा. आणि खरी कसोटी ही : जे टॉनिक जिनवाचून, नुसत्या लिंबाच्या फोडीबरोबर गोड लागत नाही, पण हवेहवेसे वाटते, तेच चांगले.

अक्काने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "कारल्यात गूळ फार झालाय रे!"

पुतण्याच्या पेटीची परीक्षा तेवढ्यात झाली. जिन पिणाऱ्याने ती जिन म्हणून प्यावी. बिचाऱ्या कोयनेलाला आणि अक्काच्या पायांना मध्ये ओढू नये!